दुसरा व्हेंडर ठेवलात, पण त्याला सांगितलंय काय?

पंपांच्या कारखान्यात खरेदी बघायला लागलो तेव्हा मला वाटायचं, एका पार्टला दोन व्हेंडर ठेवले की निवांत झोपावं. मग एकदा शाफ्ट स्लीव्ह, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर बसणारी नळी, देणाऱ्याचं ग्राइंडिंग मशीन बंद पडलं. दुसऱ्याला ड्रॉइंग धाडलं, माल वेळेत आला, मापातही बसला. चौथ्या पंपाचं सील गळालं. ड्रॉइंगवर 'कडा मोडा' एवढंच लिहिलेलं. जुना व्हेंडर मात्र कडेला गोलाई देऊन वर पॉलिश मारायचा. तसं केलं नाही तर सील चढवतानाच त्याची लिप, म्हणजे गळती अडवणारी पातळ कड, कापली जाते. हे त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा सुरुवात इथून करा: व्हेंडरच्या मशीनपाशी जा आणि ऑपरेटरला विचारा, "ड्रॉइंगवर नाही असं तू काय करतोस?" मिळेल ते कारणासकट ड्रॉइंगवर चढवा. शिवाय कुठलं माप जिवाचं आणि कुठलं ढिलं चालेल, हेही व्हेंडरला सांगा. अडचणीच्या दिवशी "ही सळई मिळत नाही, ती दुसरी चालेल का?" असं तोच विचारतो, आणि वाट निघते.

याचं मोठं उदाहरण: १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या आयसिन सेइकीच्या कारिया कारखान्याला आग लागली. टोयोटाचे ब्रेकमधले पी-व्हॉल्व्ह (मागच्या चाकांवरचा ब्रेकचा दाब आवरणारे) जवळजवळ सगळे तिथूनच यायचे आणि साठा जेमतेम. टोयोटाच्या लाइन थांबल्या. आयसिनने ड्रॉइंग मागेल त्याला दिली. साठहून अधिक कंपन्या कामाला लागल्या, त्यात शिलाई मशीनवाली ब्रदरसुद्धा. काही दिवसांतच गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. यातल्या बहुतेकांनी तो व्हॉल्व्ह आधी कधी बनवलाच नव्हता.

आता गुंतागुंत. आमच्याकडे चौदा प्रकारच्या स्लीव्ह होत्या. त्यातल्या पाचांत फरक फक्त अर्ध्या मिलिमीटर लांबीचा, आणि तो का, हे डिझाइनमध्ये कुणालाच आठवेना. अशा पार्टांची यादी काढा आणि एकत्र करा. पण सरसकट कात्री चालवू नका: ग्राहक ज्या फरकाचे पैसे देतो तो राहू द्या, आणि दुसरा व्हेंडर हीही गुंतागुंतच, ती मुद्दाम पोसायची.

माहिती देतानाही पसारा नको. मी पूर्वी दर सोमवारी नऊ शीटची एक्सेल पाठवायचो. कुणी उघडत नसे. आता एकच आकडा जातो, गेल्या आठवड्यात लाइनवर खरंच किती पार्ट लागले. नुसती ऑर्डर पाहून व्हेंडर थोडं वाढवून मागवतो, त्याचा फाउंड्रीवाला आणखी थोडं, आणि आमची छोटीशी हालचाल तिकडे वादळ होऊन पोचते.

एक चूक माझी. एका व्हेंडरने विश्वासाने सांगितलं की त्याची दोन मशीन रिकामी आहेत. मी त्यावरच रेट पाडून घेतला. पुढची दोन वर्षं त्याचं एकच उत्तर, "सगळं ठीक आहे साहेब." कपॅसिटीची माहिती घेणारा आणि भाव करणारा माणूस वेगळा ठेवा.

सगळं झालं की पार्ट कधीच न बनवलेल्या टर्नरपुढे (लेथ चालवणाऱ्यापुढे) ड्रॉइंग ठेवा आणि त्याचे प्रश्न उतरवून घ्या. आमच्या स्लीव्हवर त्याने सतरा विचारले. अकरांची उत्तरं आम्हालाही येईनात, जुन्या व्हेंडरलाच फोन लावावा लागला.