“का” सोडा, “आत्ता काय होतंय” ते बोला: घरच्यांशी बोलायची गेस्टाल्ट पद्धत

थेरपी म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाटतं एकटं बसायचं आणि स्वतःला खोदत राहायचं. गेस्टाल्ट ही थेरपीचीच एक पद्धत, तिचे लोक म्हणतात, माणूस बदलतो तो समोर दुसरा माणूस असतो तेव्हा. फ्रिट्झ आणि लॉरा पर्ल्स, पॉल गुडमन ही यातली सुरुवातीची मंडळी, १९५१ ला न्यूयॉर्कमधून त्यांचं मेन पुस्तक आलं. लॉरा त्याआधी जर्मनीत मार्टिन बूबर या तत्त्वज्ञाकडे शिकली होती, ज्याचं म्हणणं की समोरच्याला वस्तू समजून हाताळणं वेगळं आणि “तू” म्हणून भेटणं वेगळं. मला थेरपीत दीड वर्ष घालवल्यावर हे कळलं, तुम्ही घरी ट्राय करा.

आधी जागा शोधा. वन बीएचकेत पाच माणसं आणि वर टीव्ही, तिथे काही होत नाही, आणि लोकलमधून फोनवर तर अजिबात नको. मी आईला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर घेऊन जाते. शेजारी शेजारी बसलं की सारखं डोळ्यात बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं सोपं जातं असं माझं मत.

मग “का” विचारणं बंद. “तू असं का वागतेस” म्हटलं की समोरचा लगेच वकील होतो. त्याऐवजी आत्ता तुमच्या अंगात काय होतंय ते सांगा. आईचा ठरलेला डायलॉग आहे, “तुझं तू बघ.” पूर्वी मी “तू नेहमी अशीच” म्हणून आत निघून जायचे. एकदा ती कोथिंबीर निवडत होती, तेव्हा म्हटलं, “तू असं म्हणालीस ना की माझा घसा दाटतो आणि मी लगेच मोबाईल काढते, आत्ताही हातात आहे बघ.” ती काहीच बोलली नाही, चांगल्या काड्याच कचऱ्यात टाकत राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुला माझी गरजच नाही वाटत आता.” इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. इथे लगेच “तसं काही नाही गं” म्हणायचा मोह होतो, तो आवरा, थोडा वेळ नुसतं ऐका.

आपण बोलणं कुठे तोडतो तेही पकडा. कोणी लहानपणी गिळलेला नियम चघळतो (मोठ्यांना उलट बोलायचं नाही), कोणी आपला राग दुसऱ्याच्या नावावर टाकतो, कोणी दात आवळून तो स्वतःवरच काढतो, आणि “आमच्यात कधी भांडणच नाही” म्हणणारी जोडपी तर विचारूच नका. माझा रोग म्हणजे जोक मारणं. थेरपिस्टने पहिल्याच महिन्यात पकडलं होतं, “बाबांबद्दल सांगताना तुम्ही हसलात, आत्ता काय झालं?” मी परत हसले आणि मग रडले. ती स्वतः म्हणाली की तुमचं ऐकून मलाही जड वाटतंय, मुखवटा घालून गप्प बसली नाही, आणि माझ्यासाठी अर्धं काम तिथेच झालं.

आणि समोरच्याला सुधारायचा प्लॅन मनात ठेवून हे करू नका, त्याला लगेच वास येतो. आर्नॉल्ड बाइसर या डॉक्टरने १९७० मध्ये लिहिलं होतं की माणूस जो नाहीये ते व्हायची धडपड सोडून जो आहे तसा असतो तेव्हाच बदल होतो. म्हणजे रागीट असाल तर “मला राग आलाय” एवढंच म्हणा, शांत झाल्याची ॲक्टिंग नको.

घरात मारहाण, धमक्या असतील तिथे मात्र हे प्रयोग नकोत, तिथे आधी मदत. मन फारच जड असेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे. रिकामी खुर्ची समोर ठेवून गेलेल्या माणसाशी बोलायचं तंत्रही थेरपिस्टसोबतच करा, एकटीने करून मी दोन दिवस कामाची राहिले नव्हते.

बाबांवर गेल्या रविवारी ट्राय केलं. विचारलं, “बाबा, आत्ता काय जाणवतंय?” म्हणाले, “भूक. पानं घे.” घेतली. वरण वाढताना म्हणाले, “परवा पण विचार.”