स्कायरिममध्ये कंदी पेढा

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीला ३०० एवढंच वजन पेलतं, आणि माझी धाकटी बहीण दिसेल ती कढई उचलते. मग पळताच येत नाही. म्हणून क्रिएशन किटमध्ये (गेममध्ये बदल करायचं सॉफ्टवेअर) ‘स्वीट रोल’ हा गेममधला गोड पदार्थ उघडला, आयडी बदलून प्रत केली आणि नाव दिलं कंदी पेढा. साताऱ्यात गोड म्हटलं की तोच! वजन पेलायची ताकद ५००० ने वाढवणारा इफेक्ट जोडला, मुदत ३६०० सेकंद. गेममधल्या रिव्हरवुड गावाच्या खाणावळीत टेबलावर ठेवला.

माझ्याकडे चाललं. तिच्या पीसीवर टेबल रिकामंच. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी कळलं, मी पाठवलेली झिप उघडताना गेमच्या ‘डेटा’ फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर तयार झाला होता आणि ईएसपी फाइल (ज्यात माझा पेढा होता) त्यात अडकलेली. गेम ती थेट ‘डेटा’मध्येच शोधतो. सेव्हची कॉपी काढून ठेवली, फाइल बाहेर घेतली, गेमच्या मॉड्सच्या यादीत तिच्यावर टिक केली.

पेढा खाल्ला आणि आकडा ५३००! बहीण खुर्चीवरून उठूनच नाचली.