चार रात्रींचं सेव्हिल: काय पाहावं, काय सोडावं, कोणती गाडी धरावी

स्पेनच्या सहलीत माद्रिद-बार्सिलोना झाल्यावर दक्षिणेसाठी जेमतेम चार दिवस उरतात. मग त्या चार दिवसांत सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा, रोंदा, कादिझ असं सगळं कोंबायचा मोह होतो. तसं केलं की निम्मी सहल बॅगा ओढण्यात जाते. त्यापेक्षा एकट्या सेव्हिलमध्ये मुक्काम ठोका. दोन दिवस शहराला द्या, एक कोर्दोबाला आणि उरलेला अंगात किती दम आहे ते बघून.

ग्रानादा यादीतून आधीच खोडा. जाऊन-येऊन पाच-सहा तास प्रवासात जातात, आणि अल्हंब्रा या किल्ल्यातल्या नासरी महालांचं ठरावीक वेळेचं तिकीट हंगामात कित्येक आठवडे आधीच संपतं. तिथे एक रात्र काढता येत असेल तरच त्या वाटेला जा.

महिना आणि वार

मार्च ते मेचा मध्य, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. नागपूर-अकोल्याच्या माणसाला त्याचं काय कौतुक, असं वाटेल. पण जूनअखेरीस तिथे सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळचं ऊन आपल्यापेक्षा जवळजवळ तीन तास उशिरापर्यंत रेंगाळतं. ईस्टरच्या आधीचा ‘सेमाना सांता’ आठवडा आणि नंतरची वसंतातली फेरिया म्हणजे शहराची मोठी जत्रा, या दोन्ही वेळी हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात. सेमाना सांतात मिरवणुकांमुळे जुन्या शहरातल्या गल्ल्या तासन्‌तास अडतात. मिरवणुका बघायलाच जायचं असेल तर जरूर जा, मात्र मग बाकीच्या स्थळदर्शनाची आशा सोडा.

वाराचं गणितही आधी मांडा. रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असतात, पर्यटकांना दुपारनंतर प्रवेश. सोमवारी बरीच संग्रहालयं आणि इतालिका या जवळच्या रोमन नगराचे अवशेष बंद. कोर्दोबाला रविवार सोडून जा. कारण पुढे येईलच.

आगाऊ काढायची तिकिटं

तीनच. अल्काझार राजवाडा, कॅथेड्रल आणि कोर्दोबाची रेल्वे. अल्काझारच्या तिकिटावर नाव आणि वेळ असते. मूळ पासपोर्ट बरोबर ठेवा. तिकीट त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, कारण शोध घेतल्यावर दलालांची संकेतस्थळंही समोर येतात आणि तीच तिकिटं तिथे महाग पडतात. वेगवान गाड्यांचे दर विमानासारखे वर-खाली होतात, त्यामुळे लवकर काढलेलं तिकीट बहुधा स्वस्त. कादिझची साधी गाडी मात्र ठरलेल्या दरात असते, तिची घाई नको.

पहिली संध्याकाळ

माद्रिदहून वेगवान गाडीने अडीच तासांत सांता हुस्ता स्टेशन येतं. खोलीवर बॅगा टाका आणि पहिल्या संध्याकाळी कुठलंही तिकिटाचं ठिकाण पाहू नका. प्लाझा दे एस्पान्याला चालत जा. १९२९ च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्झालेस या वास्तुकाराने उभारलेला हा अर्धवर्तुळाकार चौक आहे. भिंतीलगत स्पेनच्या प्रांतांसाठी ४८ कोनाडे, प्रत्येकात रंगीत फरशांवर त्या प्रांताचा नकाशा आणि इतिहासातला एखादा प्रसंग. स्पॅनिश कुटुंबं आपापला प्रांत शोधून त्या बाकावर बसून फोटो काढत असतात. प्रवेश फुकट, शेजारीच मारिया लुइसा बाग. रस्त्याकडेला संत्र्याची झाडं लगडलेली दिसतील. तोडून खाऊ नका, ती कडू जात आहे, मुरंब्याची.

दुसरा दिवस: अल्काझार आणि कॅथेड्रल

सकाळचं पहिलं तिकीट अल्काझारचं घ्या. आत शिरल्यावर गर्दीबरोबर बागेकडे वाहत न जाता सरळ पेद्रो राजाचा महाल गाठा. १३६० च्या दशकात एका ख्रिस्ती राजाने मुस्लिम कारागिरांकडून बांधून घेतलेला हा महाल आहे. भिंतींवर अरबी अक्षरांचं कोरीवकाम, वर लाकडी नक्षीची छतं, खाली चकचकीत फरशांच्या चौकटी. राजघराणं सेव्हिलला आलं की आजही याच राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर उतरतं. बागेला नंतर तास द्या, सावली तिथे भरपूर.

कॅथेड्रल रस्त्यापलीकडेच आहे. मशिदीच्या जागी १४०१ मध्ये ते बांधायचं ठरलं. मशिदीचा मिनार तेवढा राहिला, त्यावर घंटाघर चढवलं. तोच हिराल्दा मनोरा. उंची शंभर मीटरहून अधिक, पण वर जायला शेवटच्या मोजक्या सोडल्या तर पायऱ्या नाहीत, ३५ उतरणी आहेत. अजान देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून तशी रचना केली, असं सांगतात. वळणावळणावर उतरणीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि खिडक्या असतात, तेव्हा गुडघे कुरकुरणाऱ्या ज्येष्ठांनाही थांबत थांबत जमतं. खाली कोलंबसची शवपेटी चार राज्यांचे चार पुतळे खांद्यावर घेऊन उभे आहेत. याच तिकिटात साल्वादोर चर्चही येतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

दुपारी दोन ते पाच काहीही योजू नका. छोटी दुकानं बंद, रस्ते सुनसान. जेवा आणि खोलीवर पडा. संध्याकाळी पूल ओलांडून त्रियानात जा. हा कुंभारांचा, खलाशांचा आणि फ्लामेंको या नाच-गाण्याचा जुना मोहल्ला. फ्लामेंको बघायचाच तर जेवणासकट असलेले मोठे कार्यक्रम टाळून लहान सभागृहातला तासाभराचा बघा. टाचांचा ठेका जवळून ऐकण्यातच मजा आहे.

तिसरा दिवस: कोर्दोबा

वेगवान गाडीने पाऊण तास. पहाटेची गाडी पकडा. तिथल्या मेस्कितेत, म्हणजे जुन्या मशिदीत, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश फुकट असतो आणि त्या वेळात गटांना सोडत नाहीत. सणासुदीला यात बदल होतो, म्हणून आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर नजर टाका. पैशांपेक्षा त्या तासाची शांतता मोलाची. स्टेशनपासून चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ती धरून चला.

ही मशीद इ.स. ७८५ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढची दोनशे वर्षं वाढत गेली. खांब साडेआठशेच्या वर. सुरुवातीचे बरेचसे जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून उचलून आणलेले. ते ठेंगणे पडले, छत तर उंच हवं होतं. म्हणून एका कमानीवर दुसरी कमान चढवली. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती दुहेरी कमान म्हणजे मुळात उंचीची नड भागवण्याचा तोडगा. आता जवळ जाऊन बघा: सर्वांत जुन्या भागात तांबडा पट्टा खऱ्या विटांचा आणि पांढरा दगडाचा आहे. कोर्दोबाचा कारभार हाती असलेल्या अल-मन्सूरने दहाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या शेवटच्या विस्तारात सगळाच दगड, त्यावर तांबडा रंग फासलेला! खांबांच्या या रानाच्या मधोमध सोळाव्या शतकात उठवलेलं कॅथेड्रल बसलं आहे. कुणाला ते खटकतं, कुणाला त्यामुळेच इमारत वाचली असं वाटतं. मला खटकतं.

नंतर ज्यू वस्तीच्या पांढऱ्या गल्ल्या आणि रोमन पूल. जेवून चार-पाचच्या गाडीने परत. मुक्कामाची गरज नाही.

चौथा दिवस: दोनांपैकी एक

समुद्र हवा असेल तर कादिझ. गाडीने साधारण पावणेदोन तास, आणि स्टेशन जुन्या शहराच्या तोंडाशीच. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे शहर जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे. ला कालेता किनाऱ्यावर पोहा, तळलेले मासे खा. कोकणातल्या माणसाला इथे करमतं. सोमवार असेल तर हाच पर्याय.

दमला असाल तर इतालिका. प्लाझा दे आर्मास बसस्थानकावरून बसने सुमारे अर्धा तास. इ.स.पू. २०६ मध्ये वसलेलं हे रोमन नगर, सम्राट ट्राजनचं जन्मस्थान. प्रचंड रंगमंडल आणि घरांच्या जमिनींवरचे पक्ष्यांचे मोझेक, तिकीट अगदी नाममात्र. टोपी आणि पाणी न्या, आत सावली कमी आहे.

रोंदाची दरी आणि पूल सुंदर आहेत यात वाद नाही, पण बसचे जाऊन-येऊन चार तास जातात. माझ्या हिशेबात ते बसत नाही.

शाकाहारींसाठी

नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. हॅमचे तुकडे आणि ट्यूना यांना तिथे कुणी मांसात धरीलच असं नाही. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ असं तिन्ही नावं घेऊन सांगा. मग ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’ मागवा: पालक आणि छोले, जिरं घातलेले, सेव्हिलची घरची भाजी. १६७० पासून चालू असलेल्या एल रिंकोनसियो या बारमध्ये ती उभ्याने खाता येते आणि तुमचं बिल वेटर समोरच्या लाकडी फळीवर खडूने लिहीत जातो. वांग्याचे तळलेले काप मधासकट कोर्दोबात खा. घट्ट थंड टोमॅटोचं साल्मोरेखोही तिथलंच; त्यावर हॅम आणि अंडं भुरभुरतात, आधीच नको म्हणा. दुपारचं जेवण दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. साताला भूक लागत असेल तर पिशवीत चिवडा ठेवा.

निघताना

गाडी संध्याकाळची असेल तर हॉटेलात बॅगा ठेवू देतात. नाहीतर स्टेशनवर लॉकर आहेत. वेगवान गाडीत चढण्यापूर्वी सामान यंत्रातून तपासतात आणि फाटक गाडी सुटण्याआधी दोनेक मिनिटं बंद होतं. अर्धा तास आधी पोहोचा, पासपोर्ट हाताशी ठेवा.