समवर्ती क्यूचा कोड स्पेसिफिकेशनशी कसा जोडावा

समवर्ती क्यूमध्ये अनेक थ्रेड एकाच वेळी मूल्यं घालतात आणि काढतात. आधी स्पेसिफिकेशन (क्यूने काय करायचं याचं नेमकं वर्णन) लिहा, तेही कोडकडे न बघता. क्यूसाठी मूल्यांची एक यादी पुरते. प्रत्येक क्रियेचे तीन भाग करा: हाक, परिणाम, उत्तर. परिणाम हाक आणि उत्तर यांच्या मध्ये, एका क्षणी घडतो. हर्लिही आणि विंग यांच्या १९९० च्या लिनिअरायझेबिलिटी या अचूकतेच्या निकषाचा गाभा हाच.

आता कोडचे टप्पे पाडा. एका टप्प्यात सामायिक मेमरीला एकदाच हात लावायचा. टेल (क्यूच्या शेवटाकडे नेणारा पॉइंटर) आणि त्याचं नेक्स्ट (नोडमधला पुढच्या नोडचा पॉइंटर) एकाच टप्प्यात वाचलंत, तर मधे दुसरा थ्रेड घुसण्याची शक्यताच मॉडेलमधून जाते आणि तिथला बग कधीच दिसत नाही.

मग मॅपिंग, म्हणजे कोडच्या कुठल्याही स्थितीवरून स्पेसिफिकेशनमधली यादी काढायचा नियम. १९९६ च्या मायकल-स्कॉट क्यूमध्ये हेड (सुरुवातीचा पॉइंटर) दाखवतो तो नोड डमी असतो, त्याचं मूल्य धरायचं नाही. त्याच्या नेक्स्टपासून नल येईपर्यंत चालत जा. भेटतील ती मूल्यं म्हणजे स्पेसिफिकेशनमधली यादी. टेलवर मॅपिंग बेतू नका. तो मागे राहू शकतो, आणि त्याला पुढे ढकलणारा थ्रेड भलताच असू शकतो. यादी बदलते ती दोनच ठिकाणी: शेवटच्या नोडच्या नेक्स्टवरचा यशस्वी कॅस (कंपेअर-अँड-स्वॅप: जुनं मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच एका दमात बदलणं) आणि हेडवरचा यशस्वी कॅस. बाकी टप्प्यांत ती जशीच्या तशी राहते, म्हणून ‘काहीच बदललं नाही’ हे पाऊलही स्पेसिफिकेशनला चाललं पाहिजे.

खरी अडचण रिकाम्या क्यूवरच्या डीक्यूची, म्हणजे मूल्य काढण्याच्या क्रियेची. परिणाम घडतो नेक्स्ट नल वाचताना; पण ते वाचन धरायचं की नाही, हे नंतर हेड पुन्हा तपासल्यावर ठरतं. मॅपिंगला पुढचं आधी कळायला हवं, म्हणून प्रॉफेसी व्हेरिएबल जोडा. कोड विसरला अशी जुनी माहिती हवी असेल, तर हिस्टरी व्हेरिएबल. आबादी आणि लॅम्पोर्ट यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की ठरावीक अटींत या दोहोंच्या मदतीने मॅपिंग नेहमी सापडतं.

सिद्धतेत उतरण्याआधी टीएलसीवर (मॉडेलच्या सगळ्या शक्य स्थिती तपासणारं साधन) २ थ्रेड आणि ४ नोड घेऊन चालवा, मग ३ थ्रेड. मोकळे झालेले नोड मॉडेलमध्ये पुन्हा वापरू द्या; दर वेळी नवा नोड दिलात तर एबीएचा घोळ (पॉइंटर मधे बदलून पुन्हा जुन्याच मूल्यावर आल्याने कॅस फसणं) उमटतच नाही, आणि पॉइंटरसोबतचा काउंटर कशासाठी आहे तेही तपासलं जात नाही. टीएलसी हिरवा झाला तरी खात्री तेवढ्याच आकारापुरती, आणि तीही मेमरीचे व्यवहार क्रमाने होतात असं धरून.

काहीच न करणारा कोडही सेफ्टी (चुकीचं काही घडत नाही) पार करतो, म्हणून लाइव्हनेस (हवं ते कधीतरी घडतंच) वेगळी मांडा. इथे ‘प्रत्येक क्रिया संपेल’ असं मागू नका: हा क्यू लॉक-फ्री आहे, एखादा थ्रेड कायम हरत राहू शकतो. ‘पावलं पडत राहिली तर कुठली ना कुठली क्रिया पूर्ण होईल’ एवढंच मागा.