वादग्रस्त प्रदेशाची नोंद कशी लिहावी

कोशातली नोंद लिहायला घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर वेगवेगळी मांडा. आज तिथला कारभार प्रत्यक्ष कोण पाहतो? दावा कोणाकोणाचा आहे? आणि कोणत्या दाव्याला कोणी मान्यता दिली आहे? नोंदीत पक्षपात शिरतो तो बहुतेक वेळा या तीन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे. लेखकाच्या मनात खोट असावीच लागते असे नाही. ‘फॉकलंड बेटे ब्रिटनची आहेत’ असे लिहिले की ताबा आणि हक्क एकच होऊन बसतात. त्याऐवजी असे लिहा: ‘१९८२ च्या युद्धातले काही आठवडे वगळता १८३३ पासून बेटांवर ब्रिटनचा अंमल आहे. अर्जेंटिना त्यांना माल्विनास म्हणतो आणि त्यांच्यावर आपला हक्क सांगतो.’ यातले एकही विधान दोन्ही बाजूंपैकी कोणाला खोडून काढता येणार नाही.

पहिल्या वाक्यात भूगोल द्या. ‘देश’, ‘प्रांत’, ‘राज्य’ यांपैकी कोणताही शब्द निकाल देऊन टाकतो. ‘प्रदेश’, ‘बेटे’, ‘द्वीपकल्प’ यांवर भागते. पश्चिम सहारा हा आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचा प्रदेश, इथून सुरुवात करावी. मग त्याच्या बहुतांश भागावर मोरोक्कोचे नियंत्रण आहे, मोरोक्कोने उभारलेल्या वाळूच्या तटबंदीपलीकडचा पूर्वेचा पट्टा या प्रदेशाचे स्वातंत्र्य मागणारी पोलिसारिओ फ्रंट ही संघटना आपल्या ताब्यात असल्याचे सांगते, आणि १९६३ पासून हा प्रदेश संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत आहे, हे सांगावे. नाव तुमच्या भाषेत रूढ असलेलेच ठेवा, दुसऱ्या बाजूचे नाव सुरुवातीलाच एकदा द्या आणि पुढे पहिलेच वापरा. दर वाक्यात दोन्ही नावे तिरप्या रेघेने जोडली तर नोंद वाचवत नाही.

प्रत्येक क्रियेला कर्ता आणि तारीख हवी. ‘-ण्यात आले’ ही सरकारी वळणाची रचना इथे फार घात करते. ‘२०१४ मध्ये क्रिमिया रशियात समाविष्ट करण्यात आला’ यातून कोणी, कोणाच्या इच्छेविरुद्ध, कोणी मानले, हे सगळेच गळून जाते. रशियाने मार्च २०१४ मध्ये ताबा घेऊन विलीनीकरण जाहीर केले. युक्रेन क्रिमियाला आपलाच भाग मानतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २७ मार्चला १०० विरुद्ध ११ मतांनी, ५८ तटस्थ असताना, युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेच्या बाजूने ठराव केला. वाक्ये लांबली तरी हरकत नाही. ‘मुक्त केला’, ‘बळकावला’, ‘तथाकथित’ हे शब्द मात्र फक्त अवतरणात, बोलणाऱ्याच्या नावासह यावेत. एका बाजूसाठी ‘स्पष्ट केले’ आणि दुसरीसाठी ‘दावा केला’ अशी क्रियापदे वाटली जात नाहीत ना, हेही तपासा.

न्यायालयाच्या मतांशी सर्वांत जास्त खेळ होतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७५ च्या सल्लागार मतात पश्चिम सहाऱ्यातल्या काही टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते हे मान्य केले, पण त्यातून प्रादेशिक सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, असेही म्हटले. अर्धेच वाक्य उचलले की ते कोणाच्याही कामाला येते, म्हणून दोन्ही अर्धे द्या. कोसोवोबाबत याच न्यायालयाचे २०१० चे मत एवढेच होते की सर्बियापासून वेगळे होण्याच्या २००८ च्या स्वातंत्र्याच्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग झाला नाही. कोसोवो हे स्वतंत्र राज्य आहे की नाही, यावर न्यायालय बोललेले नाही. मूळ निकाल उघडून वाचल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहू नये.

तटस्थपणा म्हणजे निम्मी-निम्मी जागा नव्हे. उत्तर सायप्रसच्या १९८३ च्या प्रजासत्ताकाला फक्त तुर्कस्तानने मान्यता दिली आहे. ‘मान्यतेबाबत मतभेद आहेत’ असे लिहिणे सौम्य वाटते, पण वाचकाची दिशाभूल करते. कोण मान्यता देते हे थेट सांगा. मान्यतांचा आकडा दिला तर तो कोणत्या तारखेचा आणि कोणी मोजलेला, तेही द्या. कोसोवोच्या बाबतीत काही देशांनी मान्यता मागे घेतल्याचे सर्बिया सांगतो, त्यामुळे आकड्यावरच वाद आहे.

‘वादग्रस्त’ हा शब्दही सगळ्यांना मान्य नसतो. सेन्काकू बेटांबाबत वादच नाही, अशी जपानची भूमिका. चीन त्यांना दियाओयू म्हणतो आणि हक्क सांगतो. ताकेशिमा, म्हणजे कोरियाचे दोक्दो, इथे पारडे उलटते: वाद नाही असे दक्षिण कोरिया म्हणतो आणि जपान दावा करतो. तेव्हा दावे कोणाचे ते लिहा, आणि वाद नाकारणाऱ्याचेही म्हणणे त्याच्या नावाने नोंदवा.

माहितीचौकट काळजीपूर्वक भरा, कारण घाईतला वाचक तेवढीच वाचतो. ‘देश’ हा रकाना काढून ‘प्रशासन’ आणि ‘दावा’ असे दोन ठेवा. लोकसंख्येपुढे गणना कोणी केली आणि कोणता भाग मोजला ते हवे. नकाशात नियंत्रणाची रेषा आणि दाव्याची सीमा वेगळ्या रेषांनी दाखवा, खुणांचा अर्थ नकाशावरच द्या.

नोंद पूर्ण झाल्यावर कोशातल्या इतर नोंदी शोधा: तिथे जन्मलेल्या व्यक्ती, तिथल्या नद्या, शिखरे, देशांच्या याद्या. मुख्य नोंद नीट जमूनही चरित्राच्या एका ओळीत प्रदेश परस्पर कोणाच्या तरी नावे लावलेला सापडतो. यादीचा निकष डोक्यावरच लिहा, उदाहरणार्थ ‘संयुक्त राष्ट्रांचे १९३ सदस्य’, म्हणजे कोणाचे नाव का आहे किंवा का नाही हे वाचकाला लगेच कळेल.