सॉल्व्हंटच्या कचऱ्यावर प्रक्रिया करताना या चुका टाळा

शेडमधला वास गेला की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. वास गेला खरा, पण सॉल्व्हंट (ॲसिटोन, टोल्युइनसारखं पटकन उडणारं द्रावक) कुठे गेलं? बहुतेक वेळा ते हवेतच गेलेलं असतं.

ओल्या स्लजमध्ये थेट चुना

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सॉल्व्हंट असलेला स्लज (चिखलासारखा कचरा) घट्ट करायला त्यात कळीचा चुना किंवा सिमेंट घालतात. पाण्याशी गाठ पडताच चुना तापतो आणि मिश्रणातून वाफा निघू लागतात. डायक्लोरोमिथेन 40 अंश सेल्सिअसलाच उकळतं, ॲसिटोन 56 ला, बेंझीन 80 ला. मग घट्ट झालेल्या मालाची चाचणी घेतली की अहवाल स्वच्छ येतो. येणारच, कारण जे शोधायचं होतं ते मिक्सरच्या तोंडातून कधीच उडून गेलं! चुन्याची पाळी शेवटी आणा. आधी बंद भांड्यात, निर्वाताखाली स्लज तापवा, वाफा कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करून द्रव करणाऱ्या यंत्रात) गोळा करा आणि मगच चुना घाला. डायक्लोरोमिथेन असेल तर कंडेन्सरला साधं पाणी पुरत नाही, थंड ब्राइन (गार केलेलं मिठाचं पाणी) लागतं.

एअरेशन टाकीतही, म्हणजे जिथे हवा सोडून जंतूंकडून सांडपाणी शुद्ध करतात तिथेही, हेच घडतं. टाकीत हवा सोडताच विरघळलेलं टोल्युइन बुडबुड्यांबरोबर वर येतं. जंतूंना ते सगळं खायला वेळच मिळत नाही.

कार्बन भरला, तरी वास येतो

हवेतल्या वाफा छिद्रांमध्ये धरून ठेवणाऱ्या सक्रिय कार्बनची जागा भरून गेली असेल हे पहिलं कारण, पण एकमेव नाही. येणारी हवा दमट असेल (सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या वर), तर छिद्रांमध्ये पाणीच जागा अडवतं. हवा गरम असेल तर पकड सुटते. आणि मिथेनॉलसारखी हलकी रसायनं कार्बनवर नीट टिकतच नाहीत, कितीही भरा. कार्बनचे दोन बेड (थर) एकामागे एक ठेवा आणि मोजणी दोघांच्या मधे करा. पहिल्यातून रसायन निसटू लागलं की तो बदलायचा. कॅलेंडर बघून कार्बन बदलणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

कीटोन गटातलं सॉल्व्हंट असेल तर जास्त सावध राहा. मिथिल इथिल कीटोन किंवा सायक्लोहेक्झानोन कार्बनवर बसताना उष्णता सोडतं. ब्लोअर बंद झाला की ती आतच साठते आणि बेड पेट घेऊ शकतो. बाहेरच्या नळीत कार्बन मोनॉक्साइड वाढू लागला, तर आत काहीतरी धुमसतंय असं समजा.

मीटर शून्य दाखवतो

हातातल्या फोटोआयोनायझेशन मीटरमध्ये (प्रकाशाने वाफेचे आयन करून ती मोजणाऱ्या यंत्रात) सहसा 10.6 इलेक्ट्रॉनव्होल्टचा दिवा असतो. आयन व्हायला डायक्लोरोमिथेनला 11.3 च्या आसपास ऊर्जा लागते, क्लोरोफॉर्मला 11.4 च्या आसपास. म्हणजे शेड या वाफांनी भरली तरी काटा हलणार नाही. त्यासाठी 11.7 चा दिवा हवा.

जाळून टाकलं की संपलं

क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट जळालं की हायड्रोजन क्लोराइड तयार होतो, त्यामुळे पुढे अल्कली स्क्रबर (धूर अल्कलीच्या द्रावणाने धुणारं यंत्र) हवाच. धूर सावकाश निवू दिला तर साधारण 450 ते 200 अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन (अत्यंत विषारी संयुगं) नव्याने बनतात. म्हणून तो टप्पा पाण्याच्या फवाऱ्याने झटकन ओलांडतात. वाफा उत्प्रेरकावर जाळणारं यंत्र असेल तर सल्फर आणि सिलिकोन त्या उत्प्रेरकाचं मातेरं करतात. आत जाणाऱ्या हवेतल्या वाफा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (ज्या किमान प्रमाणाला वाफ पेट घेऊ शकते त्याच्या) 25 टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नका.

नुसत्या पाण्याच्या स्क्रबरवरही भिस्त ठेवू नका. टोल्युइन त्यात जेमतेम विरघळतं. ॲसिटोन विरघळतं, पण ते पाणी पुढे एअरेशन टाकीत गेलं की त्यातलं काही पुन्हा हवेत.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

ड्रमवर फनेल तसंच ठेवलेलं. सॉल्व्हंट पुसलेल्या चिंध्या उघड्या पिंपात. टाकी वरून धो धो भरणं, ज्याने वाफा दुपटीने उसळतात. भरण्याचा पाइप तळापर्यंत न्या आणि टाकीतून बाहेर पडणारी वाफ दुसऱ्या नळीने माल आणणाऱ्या टँकरमध्ये परत वळवा. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून धातूची भांडी एकमेकांना आणि जमिनीला तारेने जोडल्याशिवाय मात्र व्हॉल्व्ह उघडू नका.