सुई हातात घेण्याआधी: ठाणे-नवी मुंबईत ॲक्युपंक्चर शिकायचं तर

कोर्सची चौकशी करायला गेलेला माणूस आधी फी विचारतो आणि मग मुदत. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: प्रत्यक्ष रुग्णाला सुया टोचायला किती तास मिळतील, आणि त्या वेळी शेजारी अनुभवी शिक्षक उभा असेल का?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये ॲक्युपंक्चरच्या शिक्षणासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. जो आधीपासून डॉक्टर नाही, त्याच्यासाठी त्यात २५०० तासांचं शिक्षण सुचवलं आहे आणि त्यातले किमान १००० तास प्रात्यक्षिक व रुग्णांसोबतचे. आता हिशोब मांडा. दर रविवारी सहा तासांचा वर्ग सहा महिने केला तर १५६ तास होतात. तेवढ्यात बिंदूंची नावं पाठ होतील, पण हात तयार होणार नाही. त्यामुळे ‘घरबसल्या ऑनलाइन, शेवटी दोन दिवस प्रॅक्टिकल’ अशी जाहिरात दिसली की पुढे चला.

कायद्याची बाजूही आधीच बघून घ्या. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद काम करते. व्यवसाय करायचा तर परिषदेकडे नोंदणी हवी. पैसे भरण्याआधी संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, आणि हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर तुमच्या सध्याच्या शिक्षणावर नोंदणी मिळेल का. बारावी झालेला, बीएएमएस झालेला आणि फिजिओथेरपिस्ट या तिघांचं उत्तर एकच असेल असं धरून चालू नका. परदेशी नावाचं, सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण नोंदणीच्या टेबलावर ते उपयोगी पडेलच असं नाही.

एक गल्लत इथेच मिटवू. बागेतल्या खड्यांच्या वाटेवर चालणं किंवा बोटांनी बिंदू दाबणं हे ॲक्युप्रेशर. त्यात सुई नाही, म्हणून जंतुसंसर्गाचा आणि फुप्फुसाला इजा होण्याचा धोकाही नाही. ॲक्युप्रेशर येतं म्हणून सुई टोचता येईल, असं अजिबात समजू नका.

बिंदू शोधणं

चौदा मुख्य वाहिन्यांवर, म्हणजे चिनी वैद्यकाने शरीरावर मानलेल्या ऊर्जेच्या मार्गांवर, ३६१ बिंदू आहेत. आकडा ऐकून दडपण येतं, पण पहिल्या सहा महिन्यांत साठ-सत्तर बिंदू पक्के आले तरी पुष्कळ झालं. ‘पक्के’ म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी जागा चुकायला नको.

मोजमाप ‘सून’ या एककात असतं. अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक सून, आणि चार बोटं जोडून मधल्या पेरांवरची रुंदी म्हणजे तीन सून. अंगठा आणि बोटं रुग्णाची धरायची, स्वतःची नव्हे. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. सहा फूट उंचीच्या मुलाने आपल्या बोटांनी मावशींचा पाय मोजला, तर तीन सूनचे चार होतात आणि सुई भलतीकडे जाते.

यावर एक स्वस्त उपाय आहे. शिवणकामाच्या दुकानातून अर्धा इंची इलॅस्टिक घ्या. त्याचा १८ सेंटिमीटरचा तुकडा धरून दर दीड सेंटिमीटरवर पेनाने रेघ मारा, म्हणजे बारा समान भाग होतील. धरायला दोन्ही टोकांना दोन-दोन बोटं जास्त ठेवा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंतचं अंतर बारा सून असतं. पहिली रेघ मनगटाच्या घडीवर आणि शेवटची कोपराच्या घडीवर येईल इतकं इलॅस्टिक ताणा. हात लहान असो की मोठा, प्रत्येक रेघ एका सूनवर पडते. मळमळीसाठी वापरला जाणारा ‘नेइग्वान’, म्हणजे पीसी ६ (अक्षरं वाहिनीची, आकडा तिच्यावरच्या बिंदूचा), मनगटावरची रेघ सोडून पुढच्या दुसऱ्या रेघेवर सापडतो. मूठ हलकी आवळून मनगट किंचित वाकवलं की दोन दोऱ्या वर येतात, त्यांच्या मधोमध तो असतो. बरोबर खाली मीडियन नर्व्ह (पंजाकडे जाणारा मज्जातंतू) आहे, म्हणून सुई हळू न्या. बोटांत झटका गेला तर लगेच थोडी मागे घ्या.

गुडघेदुखीच्या रुग्णात रोज लागणारा ‘झुसानली’, म्हणजे एसटी ३६, असाच बारकाईने शोधा. गुडघा वाकवा. वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून तीन सून खाली या आणि नडगीच्या हाडाच्या धारेपासून एक बोट बाहेर सरका. बोट दाबलं की बहुतेकांना तिथे ठसठस जाणवते.

हात बसवणं

सुरुवात माणसावर करायची नाही. कापसाचा घट्ट गोळा सुती कापडात बांधा, नाहीतर वर्तमानपत्राच्या घड्या घालून दोन-तीन सेंटिमीटर जाडीची गादी करा आणि दोऱ्याने करकचून आवळा. तिच्यावर ०.२५ × २५ मिलिमीटरची सुई तिच्यासोबत येणाऱ्या नळीशिवाय सरळ आत जाईपर्यंत सराव करा. सुई वाकते याचा अर्थ जोर बोटांतून न येता मनगटातून येतोय. अंगठा आणि तर्जनीने सुईची मूठ धरा, मधलं बोट सुईला टेकवून आधार द्या. नळी वापरताना नळीच्या वर आलेलं टोक तर्जनीने एकदाच, टचकन मारायचं. हळूहळू ढकलत राहिलं तर त्वचेत जास्त दुखतं, कारण दुखणं बहुतेक त्वचेतच असतं.

मग स्वतःच्या पायावर टोचा. सुई योग्य खोलीवर पोचली की रुग्णाला जडपणा, ताण किंवा मुंग्या पसरल्यासारखं वाटतं. याला ‘द-ची’ म्हणतात. तुमच्या बोटांनाही कळतं, सुई आतून कोणी धरल्यासारखी होते. ‘काका, जड वाटतंय का?’ असं विचारायचं. ‘दुखतंय का?’ विचारलं तर काका अंग आखडून घेतात. सुया साधारण २० ते ३० मिनिटं ठेवतात.

काय चुकतं

*भोवळ.* उपाशी, घाबरलेला किंवा लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन थेट आलेला रुग्ण बसवून टोचला की हमखास येते. पहिली वेळ नेहमी झोपवूनच, पाणी पिऊन दहा मिनिटं थांबल्यावर. चेहरा पांढरा पडला, कपाळावर गार घाम आला, की सगळ्या सुया काढा आणि पाय वर करा.

*अडकलेली सुई.* स्नायू आवळल्याने किंवा सुई एकाच दिशेने फिरवत राहिल्याने होतं. ओढू नका. उलट फिरवा, आजूबाजूला हलकं चोळा, गप्पा मारा, दोन मिनिटं जाऊ द्या.

*फुप्फुसाला छिद्र.* ही चूक रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. पाठीच्या वरच्या भागात फुप्फुस त्वचेपासून जेमतेम १० ते २० मिलिमीटरवर असू शकतं, म्हणजे २५ मिलिमीटरची साधी सुईसुद्धा तिथपर्यंत पोचते. खांद्यावरच्या जीबी २१ वर, छातीवर आणि खवाट्याच्या आतल्या बाजूला सरळ खोल टोचायचं नाही. तिरकी आणि उथळ टोचा. छातीत अचानक कळ, कोरडा खोकला, धाप ही लक्षणं काही तासांनंतरही येतात. रुग्णाने घरून फोन केला तर ‘आराम करा’ म्हणू नका, थेट रुग्णालयात पाठवा.

गरोदरपणात एलआय ४ आणि एसपी ६ टाळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हे प्रत्येक वेळी विचारा. पेसमेकर असेल तर सुयांना विजेचं यंत्र जोडायचं नाही. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला असेल किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा असेल, तर सुई बाजूला ठेवून तातडीने हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा.

आणि सुया मोजा. टोचल्या तितक्या कागदावर लिहा, काढल्यावर पुन्हा मोजा. डोक्यावरची सुई केसांत आणि कानातली सुई ओढणीखाली राहून जाते.

चिनी वैद्यकाचा बाकी भाग

निदानात जीभ बघणं आणि मनगटावर तीन बोटांनी नाडी बघणं येतं. आयुर्वेदातली नाडी माहीत असेल तर तीन बोटं ओळखीची वाटतील, अर्थ मात्र वेगळे आहेत. दोन्हींची सरमिसळ करू नका. वनौषधींच्या बाबतीत जपून राहा. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पतींनी मूत्रपिंडं निकामी झाल्याचं १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये उघड झालं. ऑनलाइन मागवलेल्या चिनी पुड्या रुग्णाला देऊ नका.

मोक्सा म्हणजे पेटवलेल्या कांडीने बिंदूला ऊब देणं. या कांड्या आपल्या दवण्याच्याच प्रजातीतल्या वनस्पतीपासून करतात. पेटलेलं टोक त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायचं. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या रुग्णाला मोक्सा देऊ नका, चटका बसला तरी त्याला कळणार नाही. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत कांड्या सादळतात आणि नुसता धूर होतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा.

खोली आणि काम

तुमचे बरेचसे रुग्ण गुडघ्याचे आणि कंबरेचे असणार, म्हणून तळमजला घ्या. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची स्वस्त जागा शेवटी महाग पडते. वाशी, नेरूळला सोसायटीत गाळा घेताना मोक्साच्या धुराबद्दल आधीच बोला आणि धूर बाहेर फेकणारा पंखा बसवा. दहा बाय बाराच्या खोलीत पडदा लावून दोन टेबलं मावतात. दिवसाला आठ रुग्ण आणि प्रत्येकी बारा सुया धरल्या तर ९६ होतात, म्हणजे शंभराचं खोकं दिवसभरात संपतं. सुई एकदाच वापरायची. पाकिटावरची मुदत वाचा, फाटलेलं पाकीट फेकून द्या.

वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या, अर्धपारदर्शक, न टोचणाऱ्या डब्यात जातात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि कचरा नेणाऱ्या अधिकृत केंद्राशी करार, दोन्ही पहिला रुग्ण येण्याआधी करून ठेवा. हिपॅटायटिस बीची लस (०, १ आणि ६ महिने) शिकायला लागतानाच घ्या.

पहिली दोन वर्षं स्वतःचा दवाखाना न काढता आधीपासून सुरू असलेल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून राहणं शहाणपणाचं. तिथे रोज नवी शरीरं हाताखालून जातात. जवळच्या फिजिओथेरपिस्टशी आणि हाडांच्या डॉक्टरशी ओळख ठेवा. रुग्ण त्यांच्याकडूनही येतात आणि तुमच्याकडून त्यांच्याकडेही जायला हवेत.

चीनमध्ये शिकायचं मनात असेल तर पदवी पाच वर्षांची आहे आणि चिनी माध्यमासाठी भाषेची एचएसके परीक्षा द्यावी लागते. भाषेची तयारी जाण्याच्या किमान वर्षभर आधी सुरू करा. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाची देशभर एकच नोंदणी आहे. परदेशात काम करायचं असेल, तर तिथली नोंदणी कोणता अभ्यासक्रम मानते हे इथे प्रवेश घेण्याआधी तपासा आणि प्रत्येक वर्गाचे, प्रत्येक प्रात्यक्षिकाचे तास शिक्षकाच्या सहीने वहीत नोंदवून घ्या.